डोह, धार, भोवरा

“मागं जायचं म्हणतीस?” तन्वीरनं चहाचा कप टेबलावर ठेवला नाही, आपटलाच. “वैजू, सगळं जग पुढं चाललंय आणि तू मला सांगतीस, दोन पायऱ्या खाली उतर?”

“खाली नाही रे. सगळे जिथं बसलेत तिथं ये, एवढंच,” मी म्हटलं.

“सगळे म्हणजे कोण?”

“ज्यांच्याकडं तुझी नदी जाणार आहे, ते.”

तेवढ्यात खालच्या फाउंड्रीत काहीतरी जड पडलं आणि आमच्या खिडक्यांची तावदानं थरथरली. कोल्हापूरच्या उद्यमनगरात, पाटलांच्या फाउंड्रीच्या डोक्यावर आमचा स्टुडिओ होता. खाली लोखंड वितळायचं आणि वर आम्ही सिनेमाची चित्रं घडवायचो. घडवायचो असं आपलं म्हणायचं. खरं तर आम्ही पुसायचो. पडद्यावर नट आभाळात झेपावतो ना, त्याच्या कमरेला तार बांधलेली असते. ती तार आम्ही पुसायची, एकेका चित्रातून, केसाकेसानं. आमचं काम दिसलं तर ते चुकलं आणि बरोबर झालं तर कुणाच्या डोळ्यांत भरत नाही, असा तो धंदा. सिनेमा संपल्यावर पडद्यावर नावं सरकत जातात. लोक उठून चपला शोधत असतात तेव्हा. त्या नावांतसुद्धा आम्ही कधी नव्हतो.

आणि आता युरोपातल्या एका मोठ्या स्टुडिओनं विचारलं होतं, एक नदी करून दाखवाल का? त्यांच्या चित्रपटात एका नदीला पूर येत होता. नमुना पसंत पडला तर तो सगळा पूर आमच्याकडं येणार होता. नाही पडला तर आमच्या तारा आम्हाला होत्याच. अट एकच. नदीचं नुसतं चित्र नको, नदी जिवंत हवी. ती त्यांच्या संगणकावर उघडली पाहिजे, तिचा वेग, वळण, फेस त्यांना तिथं बसून फिरवता आला पाहिजे.

नदी तन्वीरनं केली होती. तन्वीर अत्तार, शिरोळकडचा. महापुरात आपल्या अम्मीला घेऊन तो पत्र्याच्या छपरावर बसून राहिला होता, बोट येईपर्यंत. बाकीचे लोक देवाचा धावा करत होते, हा पाण्याकडं बघत होता. पाणी कुठं वळतं, कुठं थांबतं, कुठं आत ओढतं. त्या बघण्यातून ही नदी आली होती. पडद्यावर ती सुरू झाली की खुर्चीतले पाय आपोआप वर उचलले जायचे.

अडचण होती ती भाषेची. पायथन नावाच्या संगणकाच्या भाषेत आम्ही आमची हत्यारं लिहितो. भाषा आहे म्हणजे ती वाढणार. तिच्या नवनव्या आवृत्त्या येत राहतात. आणि चित्रं हलवायच्या प्रत्येक मोठ्या सॉफ्टवेअरच्या पोटात त्या भाषेची एक ठरावीक आवृत्ती बसवलेली असते. ज्यानं त्यानं आपल्याला हवी ती धरली, तर एकाचं काम दुसऱ्याकडं उघडायचंच नाही. म्हणून आमच्या धंद्यातली जाणती माणसं दरवर्षी एकत्र येऊन सांगतात, यंदा सगळ्यांनी अमुक आवृत्ती धरावी. त्या वर्षी ठरली होती थ्री सेव्हन. तन्वीरची नदी होती थ्री नाईनमध्ये, सगळ्यांत नव्या. तर आमचे मालक सरनाईक सर अजून टू सेव्हनवर बसले होते, कारण त्यांनी उमेदीत घडवलेली सगळी हत्यारं त्यातच चालायची.

सरांनी मला बोलावून सांगितलं होतं, “वैजयंती, हे तू ठरव. तन्वीरला विचारलं तर तो पुढचं धरणार, मला विचारलंस तर मी मागचं धरणार. दोघांचाही जीव गुंतलाय. तुझा जीव कशात गुंतलाय?”

“नदी तिकडं उघडण्यात.”

“मग तूच ठरव.”

आणि मी थ्री सेव्हन ठरवलं होतं. त्यामुळं दोघंही माझ्यावर नाराज होते. म्हणजे निर्णय बरोबर असावा, असं मी स्वतःला सांगत होते.

“हे बघ,” मी तन्वीरला म्हटलं, “खाली पाटील बोल्ट करतात. तो पुण्याच्या गाडीत बसतो, चेन्नईच्याही गाडीत बसतो. का? मापाचा असतो म्हणून.”

“मी बोल्ट करत नाही, वैजू. नदी करतोय.”

मी त्याचा सांडलेला चहा पुसायला लागले.

“आणि बेंगळुरूवाल्यांचा नोकरीसाठी फोन येऊन गेलाय परत,” तो खिडकीकडं बघत म्हणाला. “तिथं थ्री नाईन चालतं.”

“चालत असेल. तिथं बँकेचं ॲप करायचंय. नदी नाही.”

“पगार मात्र नदीसारखा आहे.”

“जा मग. पोहत जा.”

त्याला हसू आलं होतं. पण त्यानं ते गिळलं आणि हेल्मेट उचलून निघून गेला.

—

दुसऱ्या दिवशी नागपंचमी होती. आईनं आठवडाभर आधीच फर्मान काढलं होतं, की तुझ्या त्या दोघांना घेऊन ये. माझं माहेर कागलच्या पुढं, दूधगंगेच्या अंगाला. सर गाडी घेऊन आले. तन्वीर येईल असं मला वाटत नव्हतं. पण आम्ही पोचलो तर त्याची मोटरसायकल आधीच दारात, आणि तो सोप्यात मांडी घालून बसलेला.

“पोरगं कवाचं आलंय,” आई म्हणाली. “तुमचीच वाट बघत हुतं. उपाशी.”

आमच्याकडं पंचमीला काही चिरत नाहीत, तव्यावर काही टाकत नाहीत. पुरण भरून, घडी घालून, वाफेवर उकडलेली दिंडं करायची आणि वर तुपाची धार. तन्वीरला हे सांगितल्यावर तो म्हणाला, “मावशी, म्हणजे आज कट नाहीच? एडिटिंगवाल्यांनी काय करायचं मग?”

“त्यांनी खायचं गप,” आई म्हणाली, आणि त्याच्या ताटात आणखी दोन टाकली.

संध्याकाळी पारावर बायका जमल्या. फेर धरायचा होता. पावसानं उघडीप दिली होती, चिखलावर कुणीतरी भाताचा भुसा टाकला होता. आमच्या गल्लीत आईसारखा आवाज नाही. ती वर गेली की ओढ्यापलीकडच्या वस्तीवर ऐकू जाते, हे मी कौतुकानं सांगत नाही, तिकडच्या बायकाच सांगतात. तन्वीरनं मोबाईल काढून तयार ठेवला होता.

पण आईनं सुरुवात केली नाही. तिनं वळून हाक मारली, “शेवंता, काढ आवाज.”

शेवंताकाकूंच्या गळ्याचं ऑपरेशन झालं होतं. त्यांचा आवाज म्हणजे घागरीच्या तळातून आल्यासारखा, वर चढायचाच नाही. त्यांनी एक ओळ काढली, खालच्या पट्टीत, जरा चाचपडत. बाकीच्या बायका कान देऊन ऐकत राहिल्या आणि मग एकेक करत सगळ्यांनी तोच सूर धरला. आईनंही. फेर हलला.

“असं का?” तन्वीरनं मला कुजबुजून विचारलं. “मावशी एवढं वर जाते, आणि त्या काकूंच्या मागं का?”

“दरवर्षी असंच असतं. ज्या बाईचा आवाज आखूड, ती आधी.”

“मग मावशीच्या आवाजाचा काय उपयोग?”

मी म्हटलं, “ऐक.”

दोन फेऱ्या झाल्या. गाणं सगळ्यांच्या पायांत बसलं. आणि मग आईनं, सूर तोच, पट्टी तीच, पण स्वतःची ओळ मधे सोडली:

*आला गं महापूर, नेली उंबऱ्याची माती,*
*राहिल्या माझ्या सया, हाती गुंफुनिया हाती.*

बायकांनी ती उचलली. कुणाच्या घरात किती पाणी आलं होतं, ते तिथं प्रत्येकीला दुसरीचं माहीत होतं. फेर जरा सावकाश झाला, मग पुन्हा सावरला. तोवर आईनं डोळ्यांच्या कोपऱ्यातून आमच्याकडं बघितलं आणि दुसरी ओळ टाकली:

*पंचमीच्या सणाला, आला अत्तारांचा लेक,*
*पोट धरून म्हणे गं, मावशी वाढा अजून एक.*

सगळा फेर हसला. शेवंताकाकूंना हसताना खोकला आला, दोघींनी त्यांना धरलं, पण फेर काही थांबला नाही. तन्वीर लाजून मोबाईलच्या मागं लपला.

निघताना त्यानं आईला विचारलंच. “मावशी, एकटीनं वर गाऊन दाखवा की कधी.”

“घरात गाते की. चुलीम्होरं.” आई हात पुसत म्हणाली. “फेरात शेवंता हाय ना. तिचा आवाज तिथवरच जातोय. मग?”

त्या ‘मग’च्या पुढं ती काही बोलली नाही, कारण तिच्या लेखी पुढं काही नव्हतंच. ती डबा भरायला आत गेली.

—

सोमवारी तन्वीर वेळेवर आला. माझ्याशी बोलला नाही. हेडफोन लावले आणि बसला. बेंगळुरूला काय कळवलंय, हे विचारायची माझी छाती झाली नाही. शुक्रवारी दुपारी युरोपातल्या स्टुडिओशी बोलणं ठरलं होतं, गुरुवारी नदी पाठवायची होती.

थ्री नाईनमधल्या ज्या सोयींवर त्याची नदी उभी होती, त्यातल्या बऱ्याच थ्री सेव्हनमध्ये नव्हत्या. जिथं एका ओळीत काम व्हायचं तिथं आता दहा लिहायच्या होत्या. मंगळवारी नदी चालेना. बुधवारी चालली, पण तुंबलेल्या गटारासारखी. सर येऊन मागं उभे राहिले आणि परत गेले. मीही माझ्या वाट्याचं करत होते. सरांची जुनी हत्यारं टू सेव्हनमधून वर आणायची होती, एकेक खिळा काढून नवा ठोकायचा. सर शेजारी खुर्ची ओढून बसले.

“हे मी लिहिलं तेव्हा माझं लग्न ठरत होतं,” ते एका तुकड्याकडं बोट करून म्हणाले.

“म्हणूनच यात चुका आहेत का, सर?”

“चुका नाहीत. घाई आहे.” ते हसले. मग म्हणाले, “काढ. नवं घाल. चालू दे.”

त्यांचा आवाज अगदी साधा होता. पण माझा हात थांबला. आपल्या हातानं बांधलेलं आपल्यासमोर सोडवायला सांगणं सोपं नसतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

गुरुवारी दुपारी तन्वीरनं हेडफोन काढले. “ये.”

नदी सुरू झाली. मी जी आधी पाहिली होती ती ही नव्हती. आधीची एकसंध अंगावर यायची. ही वेगळी होती. कडेला अडखळत होती, मधे धावत होती, एका जागी अगदी गप्प होत होती. आणि त्या गप्प जागेचीच जास्त भीती वाटत होती.

“काय केलंस?”

“एका दमात मावेना थ्री सेव्हनमध्ये. मग तुकडे केले. नदी काय एक असते होय? थांबलेली वेगळी, पळणारी वेगळी. प्रत्येकीला वेगळं लिहिलं, मग एकत्र सोडलं.” तो जरा थांबला. “आधीच असं करायला पाहिजे होतं.”

मी माफीही मागितली नाही आणि जिंकल्यासारखंही केलं नाही. मागं सर येऊन उभे होते, त्यांनी चष्मा काढून पुसला. संध्याकाळी नदी पाठवून दिली.

—

शुक्रवारी सकाळी सर ओरडले. आमच्या स्टुडिओत सर कधी ओरडत नसत.

“तन्वीर! हे काय आहे?”

मी धावले. सरांच्या पडद्यावर पाठवलेल्या नदीचा आतला भाग उघडा होता. नदीचे जे तुकडे तन्वीरनं केले होते, त्या प्रत्येकाला नाव द्यावं लागतं. त्या नावानंच तो हाक मारून हलवायचा असतो. ती नावं मराठीत होती. इंग्रजी अक्षरांत लिहिलेली मराठी नव्हे, सरळ आपल्या अक्षरांत. डोह. धार. भोवरा. लव्हाळं. उतार.

सरांच्या डोक्यावरच्या भिंतीवर, स्टुडिओ निघाल्यापासून, एक कागद चिकटवलेला होता: ‘कशालाही मराठी नाव देऊ नये.’ टू सेव्हनच्या काळात कुणी चुकून एखाद्या फाईलला मराठी नाव दिलं, की सरांची हत्यारं अडखळायची, अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं उमटायची आणि सगळं काम बंद पडायचं. एकदा गणपतीत कुणीतरी हौसेनं ‘मोरया’ असं नाव दिलं होतं, तर रात्रीचं अख्खं काम वाया गेलं होतं. तेव्हापासून तो कागद होता. नव्या माणसाला पहिल्या दिवशी चहाच्या आधी तो दाखवायचा.

“हे तिकडं उघडलं नाही तर?” सर म्हणाले. “त्यांच्या पडद्यावर सगळी प्रश्नचिन्हं आली तर? हसतील आपल्याला. म्हणतील, तारा पुसा बाबांनो.”

तन्वीर दारात उभा होता. शांत. “सर, ते टू सेव्हनचं दुखणं होतं. थ्री सेव्हनला आपली अक्षरं कळतात.”

“इथं कळतात. तिकडचं कुणी सांगितलंय?”

“वैजूनं,” तो म्हणाला. “तीच म्हणाली ना, थ्री सेव्हन सगळीकडं सारखं. सगळे जिथं बसलेत तिथं. मग बसू की आपणपण. आपल्या नावानं.”

दोघंही माझ्याकडं बघायला लागले.

मी त्याला बाजूला घेतलं. “असं का केलंस? मला विचारायचं तरी.”

“मुद्दाम नाही केलं गं. लिहायला बसलो आणि इंग्रजी शब्द येईनात. व्हर्लपूल लिहिलं की मला न्हाणीतलं पाणी दिसतं. भोवरा म्हटलं की आमच्या मळ्याखालचा दिसतो. मामूची होडी तिथंच फिरली होती. तो आतनं कसा ओढतो, मला माहितेय. व्हर्लपूल कसा ओढतो मला काय माहीत?” तो खाली बघत म्हणाला, “बदलायची तर बदल. अजून वेळ आहे. मी काही म्हणणार नाही. खरंच.”

वेळ होती. नावं बदलून, नदी पुन्हा पाठवून, ‘आधीची बाजूला ठेवा’ असं कळवता आलं असतं. मी माझ्या जागेवर येऊन बसले. पहिल्या नावावर गेले. डोह. पुसून तिथं काय लिहायचं? मी एक इंग्रजी शब्द लिहिला, आणि तो पोहण्याच्या तलावासारखा दिसायला लागला, निळ्या फरशांचा. पुन्हा डोह केलं. मग सगळीच नावं वरपासून खालपर्यंत वाचली. मनात नाही, ओठांनी. डोह, धार, भोवरा, लव्हाळं, उतार. पाय आपोआप ठेका धरायला लागला. पारावरचा.

सूर साऱ्यांचा धरला होता आपण. ओळ मधे सोडायची राहिली होती. ती ह्यानं सोडली होती.

पण भीती खरी होती. इथलं थ्री सेव्हन मी बघितलं होतं. तिकडच्या संगणकावर, त्यांच्या आणखी कुठल्या कुठल्या हत्यारांतून जाताना काय होईल ते मला माहीत नव्हतं. सरांची जुनी हत्यारं तर आधीच सोडवली होती, हुकलं असतं तर तन्वीरही गेला असता, आणि निवड माझी होती.

“सर,” मी म्हटलं, “नावं राहू देत.”

सरांनी माझ्याकडं बघितलं. मग ते उठले आणि जिन्यानं खाली गेले. मला वाटलं रागावून गेले. खिडकीतून त्यांचा आवाज ऐकू आला: “पाटील! दुपारी तासभर ठोकाठोकी बंद ठेवा. आमच्या घरात कार्य आहे.”

—

दुपारी फाउंड्री गप्प झाली. इतकी वर्षं तिथं बसून मला कधी कळलं नव्हतं की आमच्या गल्लीत चिमण्या आहेत.

पडद्यावर इंग्रिड बाई आल्या. पिकलेले आखूड केस, हातात मोठा कॉफीचा मग. तिकडच्या स्टुडिओत सगळ्या पाण्याचं काम त्या बघत. फार बोलल्या नाहीत. “आत्ताच उघडते, तुमच्यासमोर,” म्हणाल्या आणि आपला पडदा त्यांनी आम्हाला दाखवला.

नदी उघडायला वेळ लागला. एक पट्टी हळूहळू भरत होती. सरांनी माझ्या खुर्चीची पाठ धरली होती. तन्वीर पुतळ्यासारखा.

आधी नावं आली. बाजूच्या चौकटीत, एकाखाली एक. डोह. धार. भोवरा. एकही प्रश्नचिन्ह नाही. काना, मात्रा, वेलांटी जिथल्या तिथं. आईच्या दारातल्या रांगोळीसारखी. हजारो मैलांवर, ज्या माणसांनी आमचं गाव नकाशावर बघितलं नव्हतं, त्यांच्या पडद्यावर.

मग नदी चालली. इंग्रिड बाईंनी वेग वाढवला, तिनं ऐकलं. वळण दिलं, तिनं घेतलं. मग त्या मधल्या गप्प जागेपाशी आल्या आणि त्यांचा हात थांबला. कॉफीचा मग तोंडापर्यंत गेला होता, तो तसाच खाली आला.

“हे काय आहे?” त्यांनी विचारलं. त्यांचा बाण त्या पहिल्या नावावर होता.

तन्वीर पुढं झाला. “डोह.”

“दो…”

“डोह.”

“दोहो.”

सर हसले, मग बाई हसल्या. तन्वीरनं आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं, की नदी जिथं थांबल्यासारखी दिसते पण थांबलेली नसते, तिथं. वरून शांत. पोरांना आया तिथं उतरू देत नाहीत. महापुरात छपरावर बसून तो त्याच जागेकडं बघत होता, कारण बाकी सगळं पाणी ओरडत होतं आणि तेवढंच गप्प होतं.

बाई म्हणाल्या, “आमच्याकडं याला एक शब्द नाही.” जरा थांबून म्हणाल्या, “नाव बदलू नका. शेजारी इंग्रजीत अर्थ लिहून द्या, म्हणजे आमच्या लोकांना हाक मारता येईल.” आणि मग अगदी सहज, चहा घेणार का असं विचारावं तसं, “पूर कधी सुरू करताय?”

पडदा मावळला. सर खुर्चीवर चढले आणि भिंतीवरचा तो कागद त्यांनी काढला. चुरगाळला नाही, फाडला नाही. घडी घालून खिशात ठेवला. मग खिडकीतून खाली ओरडले, “पाटील! हाणा आता!”

आणि खालून असा दणका बसला की आमच्या कपांतला चहा नाचला.

तन्वीरनं बेंगळुरूला त्याच संध्याकाळी फोन केला. मला फक्त शेवटचं वाक्य ऐकू आलं: “नाही सर, इथं पाणी जास्त आहे.”

—

सिनेमा कोल्हापुरात लागला तेव्हा आईनं शेवंताकाकूंसकट अख्खा फेर आणला होता. शेवटी नावं सरकायला लागली, लोक उठले, तशी आईनं मागच्या रांगेला दम दिला, “बसा खाली! पोरांची नावं हाईत.” लोक बसले. आमची नावं आली तेव्हा शेवंताकाकूंनी त्यांच्या त्या आवाजात शिट्टी मारायचा प्रयत्न केला.

पुढं सरांनी आणि तन्वीरनं ती नदी सगळ्यांना मोकळी करून दिली. ज्याला हवी त्यानं घ्यावी, वापरावी, वाढवावी. भाषेच्या आवृत्त्या पुढं सरकल्या, दरवर्षी ठरलेली नवी आवृत्ती आम्ही धरत गेलो, जुनं सोडत गेलो. सर आता थकलेत. तन्वीरच्या हाताखाली बरीच माणसं आहेत. नव्या माणसाला पहिल्या दिवशी तो चहाच्या आधी नदी दाखवतो.

परवा आमच्याकडं एक नमुना आला. आता आम्हीही दुसऱ्यांकडून कामं करून घेतो. लांबच्या एका डोंगराळ देशातला छोटा स्टुडिओ. मी नावही पहिल्यांदाच ऐकत होते. त्यांनी आमच्याच नदीवर काम केलेलं होतं. आता उघडून बघणारी मी होते. बाजूच्या चौकटीत नावं आली. डोह. धार. भोवरा. लव्हाळं. उतार. सगळी तशीच, काना-मात्रेसकट.

आणि त्यांच्याखाली एक नवं नाव होतं. आमच्यापैकी कुणी न लिहिलेलं. अक्षरं अनोळखी होती, वेलीच्या तणाव्यांसारखी गोल गोल वळलेली. मला वाचता येईना. मी तन्वीरला हाक मारली. तो आला, बघितलं, आणि शेजारची खुर्ची ओढून बसला.

पडद्यावर त्या स्टुडिओतली एक मुलगी होती. विशी-बाविशीची. बोटांनी पेन गच्च धरलेलं. तिच्या मागं कुणीतरी वयस्कर माणूस उभा होता आणि तिच्या खुर्चीची पाठ धरून होता.

मी त्या नावावर बाण नेला. “हे काय आहे?”

तिनं तो शब्द उच्चारला. मग अर्थ सांगितला. डोंगरावरचं बर्फ वितळून नदीत येणारं वर्षातलं पहिलं पाणी. तिच्या गावात त्याचा आवाज ऐकायला लोक घराबाहेर येऊन उभे राहतात.

तन्वीरनं तो शब्द म्हणून बघितला. चुकला. मी म्हणून बघितला. मी त्याहून चुकले. मुलगी हसायला लागली, तिच्या मागचा माणूसही हसला.

“परत म्हण,” मी तिला म्हटलं. “आधी तू. आम्ही मागनं येतो.”